नावेतली विश्रांती आणि किनाऱ्यावरची गर्दी

आजचं वाचन : मार्क ६:३०-३४ (सामान्य काळ, चौथा आठवडा, शनिवार)



आजचं शुभवर्तमान अगदी छोटं आहे, जेमतेम पाच वचनांचं. बसमध्ये उभ्या उभ्या वाचून होईल. पण वाचण्याआधी एक मिनिट मागे जाऊया. येशूने बारा जणांना दोघा-दोघांच्या जोडीने गावोगाव पाठवलं होतं. मध्येच मार्क आपल्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाची हकीकत सांगतो, आणि मग शिष्य परत येतात. त्यांच्याकडे सांगायला खूप आहे, अंगात थकवा आहे आणि हवेत ती वाईट बातमी आहे. माणसांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही. येशू त्यांचा रिपोर्ट ऐकून घेतो आणि त्यांना एकांतात चलायला सांगतो, थोडी विश्रांती घ्यायला.

‘ऑफसाइट’ म्हणा, ‘लाँग वीकेंड’ म्हणा, पण जगातली पहिली ख्रिस्ती रिट्रीट बहुतेक हीच. आणि ती फसली! नाव पलीकडे पोचायच्या आत लोक पायी धावत तिथे हजर. एकांताच्या जागी गर्दी.

दीड आठवड्यावर राखेचा बुधवार आलाय. तुमच्याही फोनवर प्रायश्चित्तकाळातल्या रिट्रीटचे मेसेज यायला लागले असतील. तीन दिवसांची, आठ दिवसांची, तरुणांसाठी, जोडप्यांसाठी. इनबॉक्समध्ये दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो : ‘जाऊ का? त्याने खरंच काही होतं का?’ आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. पण त्यासाठी मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती फारशी अभिमानाची नाही.

१५ ऑगस्टची गोष्ट

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी पूर्ण संपलो होतो. आमच्या टीमचा ऑन-कॉल माझ्याकडे होता, रात्री दोन-तीनला फोन वाजायचा, आणि वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटून मी उठायचो. राजीनाम्याची ईमेल ड्राफ्टमध्ये लिहून ठेवली होती. रोज उघडायची, एखादा शब्द बदलायचा, बंद करायची. घरी चिडचिड. शेवटी बायको म्हणाली, ‘तू तरी कुठेतरी रिट्रीटला जा, नाहीतर मी जाते.’

१५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. गुरुवारी संध्याकाळी लोणावळ्याच्या बाजूच्या एका केंद्रात पोचलो. धो-धो पाऊस. फोन आणि लॅपटॉप ऑफिसमध्ये जमा केले, खोलीची चावी मिळाली. खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर क्रूस. रविवार दुपारपर्यंत मौन. शुक्रवारी सकाळी झेंडावंदनाला राष्ट्रगीतापुरतं तोंड उघडलं, मग मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा, आणि पुन्हा गप्प.

या प्रकारच्या रिट्रीटमध्ये प्रवचनं जवळजवळ नसतात. रोज अर्धा तास एका मार्गदर्शकाला भेटायचं, तो बायबलमधला एखादा उतारा देतो, आणि उरलेला दिवस तुम्ही, तो उतारा आणि प्रभू. माझे मार्गदर्शक येशूसंघाचे एक वयस्कर फादर होते. मी पहिल्याच भेटीत मुद्द्यावर आलो.

‘फादर, मला रविवारपर्यंत एक उत्तर हवंय. नोकरी सोडू की नको?’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘काल किती तास झोपलास?’

‘चार असतील.’

‘मग आज प्रार्थना करू नकोस. झोप. संध्याकाळी परत ये.’

मला राग आला. मी काय झोपायला आलो होतो? पण खोलीत गेलो आणि दुपारचं जेवण चुकवून चार वाजेपर्यंत झोपलो. आज हा उतारा वाचताना कळतं की फादर काही वेगळं सांगत नव्हते. येशूने दमलेल्या शिष्यांना आधी उपदेश केला नाही, विश्रांती घ्यायला सांगितलं. थकलेल्या माणसाची झोप हीसुद्धा आज्ञापालनच असते.

संध्याकाळी त्यांनी मला उतारा दिला. कुठला? आजचाच. मार्क ६:३०-३४. म्हणाले, ‘नुसतं वाचू नकोस. त्यात जाऊन बस. तू कुठे आहेस ते बघ.’

‘त्यात जाऊन बस’ म्हणजे काय?

ही पद्धत संत इग्नेशियस लोयोला यांची, आणि त्यांची गोष्ट आपल्या वयाच्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. त्या वेळी ते तिशीच्या घरात होते. धर्मगुरू वगैरे काही नाही. नाव कमवायचं, दरबारात चमकायचं एवढंच डोक्यात. लोयोलाच्या घरी खाटेवर पडून राहावं लागलं. वाचायला शूर सरदारांच्या कथा मागितल्या, तर घरात होतं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. तेच वाचलं.

तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगायचं स्वप्न रंगवलं की नंतरही आनंद टिकून राहायचा. मनात आलेल्या विचाराची मागे उरणारी चव कशी आहे, हे तपासायला ते शिकले. आपल्या भाषेत सांगायचं तर ते स्वतःच्या मनाचे लॉग वाचायला लागले.

१५२२ मध्ये त्यांनी मोंतसेरातच्या मरियेपुढे तलवार ठेवली आणि जवळच्या मानरेसा गावात थांबले. थोडे दिवस थांबायचं होतं, राहिले सुमारे अकरा महिने. ते महिने सगळे गोड नव्हते. पापाच्या शंकांनी त्यांना इतकं पोखरलं की जीव द्यावा असेही विचार आले. त्या सगळ्यातून ते ज्या नोंदी करत गेले, त्यांतून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक तयार झालं. पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. पुढे १९२२ मध्ये पोप पायस अकरावे यांनी इग्नेशियसना रिट्रीटचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं.

ते पुस्तक बसून वाचायला घेतलंत तर कंटाळाल. ते व्यायामाच्या पुस्तकासारखं आहे, करून बघायचं असतं. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची, चार ‘आठवड्यांत’ विभागलेली : आपलं पाप आणि देवाची दया, येशूचं जीवन, त्याचं दुःखसहन, त्याचं पुनरुत्थान. आठ दिवसांची किंवा वीकेंडची रिट्रीट म्हणजे त्यातलाच एक तुकडा. ज्यांना सुट्टी मिळत नाही, त्यांच्यासाठीही इग्नेशियसनी सोय लिहून ठेवलीय : कामधंदा सांभाळून रोज ठरावीक वेळ काढायचा आणि तीच साधना काही महिन्यांत पूर्ण करायची. म्हणजे ‘सुट्टी नाही’ हे कारण पाचशे वर्षांपूर्वीच बाद झालं!

मी कुठे होतो?

तर शनिवारी सकाळी चॅपलमध्ये बसलो. डोळे मिटले. दर्शन वगैरे काही झालं नाही, आपली साधी कल्पना. मी नावेत बसलो होतो. येशू समोर. कोणी काही बोलत नव्हतं. पाणी, वल्ह्यांचा आवाज. खूप बरं वाटत होतं. मग किनारा दिसला आणि त्यावर गर्दी. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : ‘आता हे कशाला आले?’

मी नेटाने पुढे बघत राहिलो. गर्दीतला एक चेहरा ओळखीचा निघाला. माझे पप्पा.

पप्पांनी बत्तीस वर्षं वसई ते चर्चगेट लोकलने नोकरी केली. तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. हळूहळू चालतात, पण बरंच विसरतात, आणि तेच तेच विचारतात. मी पुण्यात आहे, घरून काम करतो, हे त्यांच्या डोक्यात राहत नाही. फोनवर त्यांचा एक प्रश्न ठरलेला : ‘गाडीला गर्दी होती का रे?’ दोन मिनिटांनी पुन्हा, ‘गाडीला गर्दी होती का?’

जुलैमध्ये एका रात्री आमची सिस्टिम बंद पडली होती, कॉलवर वीस माणसं, आणि पप्पांचा फोन आला. मी उचलला. त्यांनी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला तेव्हा मी ओरडलो, ‘पप्पा, मी ट्रेनने जात नाही! किती वेळा सांगू?’ आणि फोन कट केला. नंतर आईने सांगितलं, त्यानंतर ते तिला म्हणाले, ‘त्याला फोन नको लावू. त्याला त्रास होतो.’

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. त्याच्यावर राजीनाम्याची ईमेल ठेवून दिली होती. माझा प्रश्न नोकरीचाच आहे, असं मी धरून चाललो होतो. पण मौनात फोन नसतो, मीटिंग नसते. जे ढकलून ठेवलंय ते समोर येऊन बसतं. रिट्रीट पहिल्या दिवशी शांत वाटते आणि दुसऱ्या दिवशी नकोशी होते, त्याचं कारण बहुतेक हेच.

येशूने ती गर्दी पाहिली तेव्हा त्याला काय झालं, हे सांगायला मार्क जो ग्रीक शब्द वापरतो त्याचं नातं आतड्यांशी आहे. आपल्याला तो समजावून घ्यायची गरज नाही, मराठीत आपण ‘आतडं तुटतं’ असंच म्हणतो. त्याच गर्दीकडे बघून माझं डोकं फिरलं आणि त्याचं आतडं तुटलं. दमलेला तोही होता. योहान गेल्याचं दुःख त्यालाही होतं. बेत त्याचाही मोडला होता. फरक एवढाच की त्याला तिथे व्यत्यय दिसला नाही, मेंढपाळ नसलेली मेंढरं दिसली.

मी चॅपलमध्ये रडलो. दुपारी फादरांकडे जाऊन पापनिवेदन केलं. त्यांनी पापक्षमा दिली आणि मग म्हणाले, ‘आता तुझ्या ईमेलचं. ती चुकीची आहे असं मी म्हणत नाही. आज पाठवू नकोस, एवढंच.’

हा इग्नेशियसचा प्रसिद्ध नियम आहे. मन शुष्क, अंधारलेलं, अस्वस्थ असेल तेव्हा आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. त्या काळात प्रार्थना वाढवा, स्वतःला तपासा, धीर धरा. पण दिशा बदलू नका. आपल्यापैकी जे माझ्या धंद्यातले आहेत त्यांना हे लगेच पटेल. रात्री तीन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, प्रॉडक्शनमध्ये मोठा बदल कोणी करतं का? आधी सिस्टिम स्थिर करायची, मग सकाळी ठरवायचं. कोडच्या बाबतीत आपण एवढे शहाणे, आयुष्याच्या बाबतीत मात्र थेट डिप्लॉय!

किनारा

रविवारी दुपारी फोन परत मिळाला. मी पुण्याची गाडी पकडली नाही. बायकोला कळवलं आणि उलट दिशेने निघालो. दादरला उतरलो, विरार फास्ट. सुट्टीचा शेवटचा दिवस, पाऊस, गाड्या उशिरा. पहिल्या गाडीत चढताच आलं नाही. दुसरीत कसाबसा शिरलो, बॅग पोटाशी धरून वसईपर्यंत उभा.

घरी पोचलो. पप्पा ओट्यावर खुर्चीत होते. मला बघून थोडा वेळ गेला, मग ओळख पटली. म्हणाले, ‘गाडीला गर्दी होती का रे?’

‘होती, पप्पा. दादरला चढताच येईना.’

त्यांचा चेहरा खुलला. मग जवळजवळ अर्धा तास त्यांनी मला शिकवलं : दादरला कुठे उभं राहायचं, गाडी थांबायच्या आधी कुठला पाय पुढे ठेवायचा, वसईच्या माणसाने दारात कुठल्या बाजूला सरकायचं. बत्तीस वर्षांचं ज्ञान त्यांच्याकडे पडून होतं आणि तो प्रश्न म्हणजे त्याचं दार होतं. मी ते दर वेळी तोंडावर आपटत आलो होतो.

माझी रिट्रीट लोणावळ्याला संपली नाही. ती त्या ओट्यावर पोचली तेव्हा तिला अर्थ आला.

म्हणून ‘त्याने खरंच काही होतं का?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे : रिट्रीट कशी झाली हे केंद्रातून निघताना कळत नाही, किनाऱ्यावर कळतं. शिष्यांना शेवटी किती विश्रांती मिळाली? फक्त नावेतली. पण त्या नावेत तो होता. आणि उतरल्यावर तीच माणसं त्यांना येशूच्या शेजारी उभं राहून बघायला मिळाली. पुढची वचनं आज मिस्सेत नाहीत, पण घरी वाचा. त्याच गर्दीला भाकरी वाटायचं काम त्याने याच दमलेल्या शिष्यांना दिलं. आणि सगळ्यांना निरोप दिल्यावर तो स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. मोडलेला एकांत त्याने सोडून दिला नाही, रात्री परत मिळवला. तेव्हा ‘लोकांची सेवा हीच माझी प्रार्थना’ असं म्हणून सुटका नाही, आणि ‘मला स्पेस हवी’ म्हणून लोकांपासूनही सुटका नाही.

जायचं असेल तर

रिट्रीट अनेक प्रकारच्या असतात. आपल्याला कुठली हवी ते ओळखा. स्तुती, प्रवचनं, आराधना, साक्षी यांची ओढ असेल तर करिश्माई रिट्रीट. केरळमधल्या मुरिंगूरच्या डिव्हाईन केंद्राबद्दल आपल्यापैकी अनेकांनी घरच्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. शांतता हवी असेल तर इग्नेशियन मौनसाधना. श्वास, शरीर, जाणीव यांच्या मार्गाने प्रार्थनेकडे जाणाऱ्यांसाठी फादर अँथनी डिमेलो यांनी सुरू केलेली लोणावळ्याची साधना संस्था आहे. लग्न झालेल्यांसाठी मॅरेज एन्काउंटरचा वीकेंड असतो. यात वरचा-खालचा दर्जा नाही. पण एक सावधगिरी : मन फार खचलेलं असेल, झोप-जेवण तुटलं असेल, तर मौनात उडी मारण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि केंद्रातल्या फादर-सिस्टरांनाही तसं सांगा. मदत घेणं हा अविश्वास नव्हे.

जाताना प्रश्नांची यादी कमी न्या. फोन खरोखर जमा करा. पहिल्या दिवशी झोप आली तर झोपा. दुसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटलं तर थांबा, बहुतेक तिथेच काहीतरी आहे. आणि निघण्याआधी वहीत फक्त एक नाव लिहा : किनाऱ्यावर माझी वाट कोण बघतंय?

शेवट गोड करून सांगत नाही. नोकरी मी पुढे डिसेंबरात बदलली, शांतपणे, बायकोशी आणि त्या फादरांशी बोलून. आता एक आठवडा सोडून एक वसईला असतो. गेल्या रविवारी पप्पांनी पुन्हा तीनदा विचारलं. दोनदा मी नीट उत्तर दिलं. तिसऱ्यांदा आवाज चढलाच. त्यांनी मान खाली घातली, आणि मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. आधी बसत नव्हतो. एवढंच पुढे सरकलोय.

आजची कृती : आज दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मार्क ६:३०-३४ च्या नावेत बसा. गर्दीत कोणाचा चेहरा दिसतो ते बघा. संध्याकाळ व्हायच्या आत त्या माणसाला फोन करा, आणि तो फोन तुम्ही आधी ठेवू नका.

प्रार्थना : प्रभू येशू, मी दमलोय हे तुला माझ्याआधी कळतं. मला तुझ्या नावेत घे. माझ्याशी बोल, किंवा नुसता जवळ बस. आणि नाव किनाऱ्याला लागेल तेव्हा मला माझे डोळे नको देऊस, तुझे दे. ज्यांना मी व्यत्यय समजलो त्यांच्यात मला तुझी मेंढरं दिसू देत. आमेन.

उद्या रविवार. मिस्सेत भेटूच.